खोगीरभरती आणि बैठक

मराठी टीकाकाराच्या भात्यात जे बाण आहेत, त्यांत 'खोगीरभरती' हा शब्द फार जुना आणि फार धारदार. कादंबरीत पन्नास पाने अधिक झाली, व्याख्यानात आठवणींचे गाठोडे सुटले, किंवा एखाद्या अंकात जाहिरातींच्या मधल्या जागा कशाबशा बुजवल्या, की आपण नाक मुरडून म्हणतो, 'सगळी खोगीरभरती!' मी स्वतः कादंबऱ्या लिहितो, तेव्हा या बाणाची चव मलाही ठाऊक आहे. परंतु हा शब्द उच्चारणाऱ्यांपैकी कितीजणांनी खोगीर भरताना पाहिले असेल? घोड्याच्या पाठीवर घालायच्या त्या गादीत जे हाती लागेल ते कोंबण्याची वाईट खोड काही जणांना होती. त्यावरून निरर्थक भर म्हणजे खोगीरभरती, असा अर्थ रूढ झाला. पण चांगल्या कारागिराला विचारा. तो सांगेल की भरती चुकली तर घोड्याची पाठ सोलवटते आणि स्वाराची मांडीही. वरचे कातडे कितीही देखणे असो, खोगिराचे मर्म त्या न दिसणाऱ्या भरतीतच असते. दोष भरतीचा नाही, वाईट भरतीचा आहे.

टीकाकारांचा दुसरा आवडता शब्द 'बैठक'. अमुक लेखकाला वैचारिक बैठक आहे, तमुकाला ती मुळीच नाही. म्हणजे पाहा, वाङ्मयाची पारख करताना आपण बसायच्या वस्तूंचीच भाषा उसनी घेतो. तेव्हा या वर्षी एखाद्या पुस्तकाऐवजी खऱ्याखुऱ्या बैठकीचीच समीक्षा करावी, असे मी ठरवले तर वाचक मला क्षमा करतील. माझा विषय आहे मोटारसायकलची बैठक. तीही कारखान्यातून शेकड्यांनी बाहेर पडणारी नव्हे, तर एका गाडीसाठी, एका स्वारासाठी, हाताने कोरलेल्या कातड्याची. सौंदर्यशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. मॅट्रिकवर थांबलेला मी एक शाळामास्तर. पण बाकावर बसलेल्या पोरांची चुळबुळ पाहण्यात ज्याचे आयुष्य चालले आहे, त्याला बैठकीविषयी दोन शब्द बोलण्याचा अधिकार असावा.

या वस्तूची वंशावळ मोठी मनोरंजक आहे. इंग्रजीत मोटारसायकलच्या बैठकीला आरंभापासून सॅडल, म्हणजे खोगीरच म्हणत आले. हे नुसते रूपक नव्हे. बर्मिंगहॅमच्या ब्रुक्स यांनी १८६६ साली व्यवसाय मांडला तो घोड्याच्या कातडी सामानाचा. पुढे १८८२ साली त्यांनी सायकलच्या बैठकीचे पेटंट घेतले आणि कालांतराने त्याच घराण्याच्या बैठका मोटारसायकलींवरही चढल्या. १९०१ साली रॉयल एन्फील्डची आणि १९०३ साली हार्ले-डेव्हिडसनची पहिली मोटारसायकल निघाली. घोडा गेला, त्याच्या जागी इंजिन आले. पण बसणारा तोच राहिला, आणि त्याच्या खालचे कातडेही तेच राहिले.

कोरीव कामाचा झरा मात्र दुसरीकडून आला. स्पेनमधून मेक्सिकोत आणि मेक्सिकोतून अमेरिकेच्या पश्चिमेकडील कुरणांत गेलेल्या गुराख्यांच्या खोगिरांवर पानाफुलांची नक्षी कोरण्याची परंपरा होती. वायोमिंगमधील शेरिडन या गावी डॉन किंग नावाच्या कारागिराने विसाव्या शतकाच्या मध्यास तिला एक नवे वळण दिले. लहान लहान रानफुले, आणि त्यांना वेढीत एकातून एक निघणारी वेलींची वर्तुळे. सारे इतके दाट की बोट ठेवायला जागा सापडू नये. आज कातडी कोरणारे जगभर 'शेरिडन शैली' म्हणतात ती हीच. दुसऱ्या महायुद्धानंतर घरी परतलेल्या अमेरिकन तरुणांनी आपल्या मोटारसायकलींचे जादा पत्रे काढून टाकून त्या सडपातळ करण्याचा नाद घेतला. त्याच काळात लष्करी इस्पितळांतून जखमी सैनिकांना हाताला काम आणि मनाला विरंगुळा म्हणून कातडीकाम शिकवीत असत. १९६९ साली 'ईझी रायडर' चित्रपट आला आणि लांबलचक पुढच्या चिमट्यांच्या त्या गाड्या जगाच्या डोळ्यांत भरल्या. गुराख्याचे खोगीर आणि यंत्राची बैठक यांची अशी पुन्हा गाठ पडली. इंजिनावर बसलेला माणूस आपल्या घोड्याची आठवण कातड्यावर कोरून घेऊ लागला.

आता ही बैठक होते कशी, ते थोडे समजून घेतले पाहिजे. कारण घडण न पाहता केलेली समीक्षा म्हणजे स्वयंपाकघरात न डोकावता दिलेला अन्नाचा अभिप्राय. कोरण्यासाठी झाडाच्या सालीने कमावलेलेच कातडे लागते. क्रोमच्या क्षारांनी कमावलेले कातडे मऊ असते, पाण्याला दाद देत नाही. पण त्यावर ठसा उमटला तरी टिकत नाही. साधारण ३ ते ४ मिलिमीटर जाडीचे सालीचे कातडे घेऊन कारागीर ते ओले करतो आणि मग थांबतो. हे थांबणे फार महत्त्वाचे. फार ओल्या कातड्यावर रेघ चिखलासारखी पसरते, फार कोरड्यावर पाते अडखळते. वरचा रंग जवळजवळ पूर्वीसारखा दिसू लागला, पण गालाला लावल्यावर अजून थंडावा लागतो, त्या घटकेला काम सुरू करायचे. मागल्या अंगाला चिकटपट्टी लावलेली असते, नाहीतर ठोकता ठोकता कातडे ताणून नक्षी फाकते.

प्रथम फिरत्या पात्याच्या सुरीने रेघा कापायच्या. सुरीच्या माथ्यावर तर्जनी, आणि बाकीच्या बोटांनी दांडा फिरवायचा. काप जाडीच्या निम्म्याहून खोल जाता कामा नये. मग मोगरीने एकेक ठसा ठोकीत रेघेची एक बाजू खाली दाबायची, पाकळीच्या पोटात सावली धरायची, पानाच्या शिरा उठवायच्या, फुलाच्या मध्याशी बीजाचे ठिपके द्यायचे, आणि मधली सारी जागा बारीक ठशांनी खाली बसवायची. सर्वांत शेवटी सुरीचे मोकळे, शोभेचे काप; त्यांवर कारागिराची सही नसली तरी हात ओळखू येतो. नंतर रंग, तेल, वरचे लेपन. मग पोलादी पत्र्याच्या तळावर फोमची भरती, तिच्यावर हे कातडे ओढून बसवायचे, आणि कडेने दोन सुयांची शिवण घालायची: एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी दोरा. यंत्राच्या शिवणीत एक टाका तुटला तर शेजारचेही सुटू लागतात. या शिवणीत एक तुटला तरी बाकीचे आपापल्या जागी घट्ट राहतात.

या कामातली एक गोष्ट मला लेखक म्हणून विलक्षण वाटते. कातड्यावर काहीच चिकटवलेले नसते. पाकळी वर आलेली दिसते ती तिच्याभोवतालचे कातडे खाली दाबले म्हणून. म्हणजे फूल हे फुलावर काम करून होत नाही, फुलाच्या शेजाऱ्यांवर काम करून होते. आमच्या धंद्यात तरी वेगळे काय आहे? एखादे पात्र ठसठशीत व्हावे म्हणून त्याच्यावर विशेषणांचा मारा करणारा लेखक नवशिका. भोवतालची माणसे, घर, गल्ली नेमक्या जागी दाबून त्याला आपोआप वर येऊ देणारा लेखक मुरलेला. आणि दुसरी गोष्ट : इथे खोडरबर नाही. सुरीचा काप एकदा गेला की गेला. कातडे ती जखम विसरत नाही. कागदावर खाडाखोड करणाऱ्या आम्हां मंडळींनी हा धाक जरा अनुभवण्यासारखा आहे.

पण चांगल्या घडणीने कलाकृती आपोआप चांगली होत नाही. बा. सी. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' या १९५५ सालच्या ग्रंथात सौंदर्याची मीमांसा लयीच्या तत्त्वावर उभी केली : संवाद, विरोध आणि समतोल. ही कसोटी मोटारसायकलच्या बैठकीला लावली तर ते रागावले नसते, असा माझा समज आहे. शेरिडन शैलीच्या उत्तम कामात वर्तुळाला वर्तुळ साद घालते, हा संवाद; गुळगुळीत पाकळी आणि खरबरीत पार्श्वभूमी, हा विरोध; आणि डावीकडची वेल उजवीकडच्या वेलीची नक्कल न करता तिचे वजन पेलते, हा समतोल. इथवर ठीक. परंतु मर्ढेकरांची कसोटी डोळ्यांची आहे, आणि ही वस्तू डोळ्यांनी वापरायची नाही. इथेच खरी अडचण उभी राहते.

माझा एक जुना विद्यार्थी काही वर्षे अमेरिकेत नोकरीला होता. परतताना त्याने आपल्या बुलेटसाठी एक कोरीव बैठक करवून आणली. ती पाहायला त्याने मला मुद्दाम बोलावले. गाडी अंगणात उभी होती. बैठकीवर धुवट पंचा झाकलेला. पंचा दूर केला आणि मी खरोखर थक्क झालो. बदामी कातड्यावर फुलांचा नुसता बहर आला होता. मी हात पुढे केला तसा तो म्हणाला, "सर, हात लावून बघा हवा तर, पण बसू नका." मी विचारले, "मग तू बसतोस कशावर?" तर रोजच्या वापरासाठी त्याने कोल्हापुरातल्या एका कुशनवाल्याकडून रेक्झीनची साधी बैठक करून घेतली होती. कोरलेली बैठक दसऱ्याला आणि लग्नकार्याला गाडीवर चढते. पावसाळ्यात ती कपाटात असते, कारण आमच्याकडच्या चार महिन्यांच्या ओलीत सालीचे कातडे बुरशी धरते.

ज्या बैठकीवर बसायचे नाही ती बैठक कसली? मी नीट न्याहाळून पाहिले तेव्हा दोष एका हौशी मालकाचा नाही, रचनेचाच आहे, हे ध्यानात आले. सर्वांत मोठे आणि सर्वांत उठावाचे फूल कारागिराने अगदी मध्यभागी घेतले होते, जिथे स्वाराचा सारा भार पडतो. तासाभराच्या प्रवासात ते फूल स्वाराला बोचणार, आणि वर्षा-दोन वर्षांत स्वार त्या फुलाला झिजवणार, दोघांचेही नुकसान. उलट बैठकीच्या खाली लोंबणारी कड आणि मागची उभार किनार, जी माणूस बसल्यावरही दिसते आणि जिच्यावर भार पडत नाही, ती जवळजवळ कोरी सोडलेली. शिवाय नक्षी सपाट कातड्यावर आखलेली. ती पुढच्या निमुळत्या भागावर ओढून बसवताना वेलींची वर्तुळे लांबोळी झाली होती. कारागिराने कातडे पाहिले होते, बैठक पाहिली नव्हती. उत्तम वाक्ये लिहून वाईट कादंबरी होते ती अशीच.

नंतर मी त्या कुशनवाल्याच्या दुकानातही थोडा वेळ घालवला. त्याच्या रेक्झीनवर नक्षी म्हणाल तर चार सरळ शिवणी. पण गिऱ्हाईक आले की तो प्रथम त्याला उभे करून पाहतो, मग गाडीवर बसवतो, पाय जमिनीला कसे टेकतात ते बघतो, आणि फोम कुठे तासायचा त्याची खडूने खूण करतो. "डिझाइन मागनं," तो मला म्हणाला, "आधी माणूस बसला पाहिजे." खोगीरभरतीवर इतके नेमके भाष्य मी कुठल्याही टीकाग्रंथात वाचलेले नाही.

'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' हा वाद मराठी वाचकांना नवा नाही. त्याचे दोन सेनापती, प्रा. ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर. योगायोग असा, की फडके कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात प्राध्यापक होते, आणि खांडेकर १९३८ साली शिरोड्याची शाळा सोडून कोल्हापुरासच आले. दोघांच्याही दाराशी जी पायताणे निघत असतील, त्यांत कोल्हापुरी नक्कीच असणार! मला वाटते, त्या वादाचा एक चांगला निकाल उंबरठ्याबाहेर पडलेला होता. कोल्हापुरी चपलेकडे टीकाकाराच्या नजरेने पाहा. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले कातडे. तळ कातड्याच्याच वादीने शिवलेला, खिळा नाही. वेणी आहे ती पट्ट्यावर. गोंडा आहे तो वर, जिथे चालताना तो डुलावा. कान बाजूला, पायाला आवरून धरण्यापुरते. जिथे टाच टेकते तिथे कातडे बहुधा साधे. भार पडतो तिथे साधेपणा, नजर पडते तिथे शोभा. ही अक्कल कुणा एकाची नव्हे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायांनी आणि हातांनी मिळून ती शिकलेली आहे. कला की जीवन, असा प्रश्न त्या चपलेला पडतच नाही.

उत्तम कोरीव बैठक हीच शिस्त पाळते. कड आणि पाठ यांवर दाट, उठावाचे काम. मधल्या भागात नुसती उथळ रेघ, किंवा तीही नाही. नक्षी आधी बैठकीच्या उंचसखल आकारावर कागद बसवून आखलेली, म्हणजे कातडे ओढल्यावर वर्तुळ वर्तुळच राहते. अशी बैठक झिजते तीही सुंदर झिजते. मध्यभाग स्वाराच्या अंगाने काळसर, गुळगुळीत होतो आणि कडेची फुले त्या झिजेला चौकट देतात. तिथे वापर हाच शेवटचा ठसा असतो. दुसरीकडे कवट्या, ज्वाळा आणि पंख पसरलेले गरुड यांची जी रेलचेल या बैठकांवर दिसते, तिच्याविषयी मी एवढेच म्हणेन की तयार उपमांनी कविता होत नाही. आणि हल्ली यंत्राच्या साच्यात दाबून किंवा लेझरने जाळून जी 'कोरीव' बैठक मिळते, तिच्यात चूक नसते, हे खरे. पण निर्णयही नसतो. हाताच्या कामात प्रत्येक ठशाला कारागिराने ठरवलेले असते, इथे जोराने, इथे हलके. ते ठरवणे नाहीसे झाले की उरते ती आकृती.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो, ज्यासाठी हा सारा खटाटोप केला. शेरिडनच्या डॉन किंग यांना १९९१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कलानिधीने नॅशनल हेरिटेज फेलोशिप दिली. एका खोगीर करणाऱ्याला राष्ट्राने कलावंत म्हटले. त्याच्या शैलीला नाव आहे, शाळा आहे, तिच्यावर वादविवाद करणारे जाणकार आहेत. आपल्याकडे? कातडे कमावणाऱ्याला आणि शिवणाऱ्याला आपण शतकानुशतके गावाच्या कडेला ठेवले. त्याने शिवलेले पायात घातले, पण त्याचा हात अपवित्र मानला. आपल्या म्हणींत त्याचे नाव येते ते बहुधा हिणवण्यासाठी. काशीच्या संत रोहिदासांनी कातडे शिवता शिवता जी पदे रचली, ती शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात पूज्य ठरली. तरी त्यांच्या हातातल्या आरीला आपण कलेचे हत्यार म्हटले नाही. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी या धंद्याला उत्तेजन दिले, हा त्यांचा द्रष्टेपणा. पण साहित्याच्या आणि कलेच्या चर्चेत आम्ही लिहित्या मंडळींनी त्या धंद्याला कधी आसन दिले नाही. ज्याने साऱ्यांना बैठक दिली, त्यालाच आपल्या बैठकीत जागा नव्हती.

याचा परिणाम केवढा झाला ते २०२५ साली दिसले. इटलीतल्या मिलान शहरी जून महिन्यात प्राडा या कंपनीने आपल्या कोल्हापुरीसारखी पायताणे रंगमंचावर आणली, आणि कोल्हापूरचे नाव प्रथम घेतले नाही. आपल्याकडे संतापाची लाट उठली, कंपनीने नंतर मूळ कबूल केले. संताप योग्यच होता. २०१९ साली महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. पण त्या दिवसांतला आपला मजकूर मी बारकाईने वाचला, तेव्हा एक गोष्ट मनाला टोचत राहिली. 'आमची' हा शब्द शेकडो वेळा आला. चप्पल चांगली का आहे, हे सांगणारे वाक्य शोधावे लागले. वेणी कशी घातली जाते, तळ का शिवला जातो, उत्तम कान आणि सामान्य कान यांत भेद काय, याची भाषाच आपल्यापाशी नव्हती. ज्या वस्तूची पारख करता येत नाही, तिचा अभिमान हा पोकळ खोगिरासारखा असतो. दिसतो फुगीर, पण भार पडला की बसतो.

अभिमानाला भरती लागते, आणि ती भरती म्हणजे पारख. एखाद्या कारागिराचे काम चांगले म्हणायचे तर दुसऱ्याचे उणे म्हणण्याची तयारी हवी. आपण कारागिराचे एक तर कौतुक करतो किंवा त्याच्याशी घासाघीस करतो. त्याची समीक्षा करीत नाही. कवीला आम्ही कठोर शब्द ऐकवतो, कारण त्याला आम्ही कलावंत मानतो. तोच मान चर्मकाराला द्यायचा असेल, तर त्याच्या शिवणीविषयीही तितक्याच गंभीरपणे बोलले पाहिजे. दयेने दिलेल्या शाबासकीत मान नसतो. विद्यार्थ्याच्या त्या बैठकीतले दोष मी इतक्या विस्ताराने मांडले ते याचसाठी. तो कारागीर माझ्या टीकेच्या योग्यतेचा आहे.

असो. दिवाळीच्या फराळाबरोबर हे वाचणाऱ्या घरांत या चार दिवसांत नवी पायताणे येतील, कुणाच्या दाराशी नवी गाडीही येईल. वाचकहो, एक विनंती आहे. विकत घेण्यापूर्वी वस्तू उलटी करून पाहा. टाका कुठून निघाला आणि कुठे गेला, कड कशी घासली आहे, भार पडेल तिथे कातडे किती जाड आहे, ते पाहा. घरातल्या मुलांनाही ते दाखवा. आणि काम मनास आले, तर पैसे देताना त्या कारागिराला त्याचे नाव विचारा, आणि काय आवडले तेही नेमके सांगा.